अखंड वनस्पती तूप योजना

मानवत, ३ जानेवारी १९८७
आजपासून नवे पर्व. आमच्या मिलमध्ये सरकीच्या तेलाचं वनस्पती तूप अजून हंड्यात करतात. तेल भरा, निकेलची पूड घाला, तापवा, हायड्रोजन सोडा, निकेलपाशी गॅस तेलात मुरून ते घट्ट झालं की काढा, पुन्हा भरा. बैलगाडीचा जमाना. माझ्या पाइपात निकेल आधीच ठासलेलं. एका तोंडाने तेल आणि गॅस आत, दुसऱ्या तोंडाने तूप बाहेर, न थांबता. मालक आबासाहेबांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली. जमलं तर नवी शेड, मी चीफ केमिस्ट. नाही तर साबण खातं. साबण खात्याचा प्रश्नच येत नाही.

५ जानेवारी
तेल आत गेलं, तेलच बाहेर आलं. पहिल्या दिवशी एवढं चालायचंच. आबासाहेब म्हणाले, दिनकरराव, लय जोरात सोडायलाव, तेलाला निकेलपाशी जरा दम खाऊ द्या की. बी.एस्सी. मी आहे. तेल दम खात बसलं तर कंटिन्युअस कसलं? व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला.

६ जानेवारी, सकाळी
विजय. रात्री अंगणात ठेवलेला सँपलचा डबा घट्ट. उलटा केला तरी ओघळेना. थंडी मरणाची, पण आनंदात जाणवली नाही.
दुपारी डबा पातळ. या जिल्ह्याचं ऊन विज्ञानाच्या विरुद्ध आहे.

९ जानेवारी
आमची सौ., सुलाबाई, डब्यात बोट घालून म्हणाली, हे तर तेलच हाय. मी समजावलं की तूपच आहे, अजून मनावर घेत नाही एवढंच. संक्रांतीला याच तुपातले बेसनाचे लाडू आबासाहेबांना देणार. लाडू वळला की वाद मिटला.

१३ जानेवारी
सकाळी सौ. म्हणाली, लाडू बसंनात, परातीत पसरायलेत. तिला म्हटलं, तुझा हात बसलेला नाही. संध्याकाळी मिलमधून आलो तर ताटभर गोल, देखणे लाडू. डोळे भरून आले. सौ. चुलीकडे बघत होती.

१४ जानेवारी
आबासाहेब तिळगुळाला घरी आले. दोन लाडू खाल्ले, तिसरा खिशात टाकला. शेड तुमची, म्हणाले. मी फ्लो रेटवर बोलायला लागलो, तेवढ्यात त्यांनी तूप बघू म्हणून अंगणातला डबा तिरपा केला. भर दुपार. तेल धोतरावर.
त्यांनी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, यांच्या तुपात लाडू बसंनात, म्हणून दुकानातला डबा आणला. यांचा सगळा जीव त्या पाइपात हाय, मला बघवंना.
तिचा फार राग आला. जेवताना कमी झाला.

१६ जानेवारी
साबण खातं. तात्पुरतं. मी हार मानलेली नाही.

२ फेब्रुवारी
सौ.ला मिलच्या कँटीनच्या लाडवांचं काम मिळालं. माझ्या पाइपातलं निकेल काढून तो कँटीनच्या नळाला जोडलाय. संध्याकाळी तिच्या पराती मी तिथेच घासल्या, माझ्याच खात्याच्या साबणाने. पाणी एका दमात, न थांबता येतं. प्रवाहात खोट नव्हतीच, हे मी पहिल्यापासून सांगतोय.