चावी द्यायची तालीम

आप्पा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं खोकणं आठवावं लागतं. तरी आज बसलेय लिहायला. भांडायला नाही, घाबरू नका. उलट जन्मात पहिल्यांदाच तुमचं म्हणणं खरं होतं हे कबूल करायला बसलेय, आणि ते तोंडावर कबूल करायला तुम्ही थांबला नाहीत, हा दोष तुमचा. तुमची पोर अजून नागावातच आहे. व्हॅन चालवते. मांडव्याच्या जेट्टीवर उतरलेली मुंबईची माणसं ढीगभर बॅगांसकट उचलायची आणि नागाव, काशीद, मुरूड, जिथे त्यांनी खोली घेतली असेल तिथे नेऊन सोडायची. मधूनच कुणाला पालीच्या गणपतीला जायचं असतं, कुणाला रोह्याला गाडी पकडायची असते. तुम्ही जन्मभर मुरूडची सुपारी वाशीच्या बाजारात पोचवलीत, मी माणसं पोचवते. सुपारीची पोती बरी म्हणायची, एसी वाढवा असं तरी म्हणत नाहीत.

तुम्ही मला गाडी शिकवलीत तेव्हा गिअर-क्लचपेक्षा चोरांबद्दलच जास्त बोलायचात. मला वैताग यायचा. इतर पोरींना त्यांचे बाप चढावर गाडी कशी उचलायची ते सांगत होते आणि माझे आप्पा सांगतायत, ‘बाय, पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पायजेत, तेवढं अंतर ठेव. कुणी आडवा आला तर वळवून निघायला जागा हवी.’ चहाला उतरलं तरी काच वर, दार बंद, चावी खिशात. टपरीवर गाडीत काय माल आहे, कुठे चाललोय, याच्या गप्पा मारायच्या नाहीत. कुणी चाकाकडे बोट दाखवून ‘पंक्चर, पंक्चर’ ओरडला तर तिथल्या तिथे थांबायचं नाही, पुढे दुकानं दिसतील तिथे थांबायचं. मी म्हणायचे, आप्पा, आपण काय सोनं वाहतो का? तुम्ही म्हणायचात, ‘सोन्याचं दुकान फोडायला लागतं. सुपारी आपण होऊन रस्त्यावर घेऊन येतो.’ श्रीवर्धन-मुरूडकडच्या चांगल्या सुपारीचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला हे पटेल. मला तेव्हा नव्हतं पटलं.

मग तो चौलच्या टपरीवरचा प्रकार झाला. आठवतोय ना? मी तुमच्या गाडीतून नारळ पोचवून येत होते. काच खाली होती, कारण मी मी होते. एका माणसाने खिडकीतून हात घालून चावीलाच हात घातला. मी शेजारच्या सीटवरचा स्टीलचा डबा उचलला आणि असा हाणला त्याच्या मनगटावर की गडी ओरडतच पळाला. घरी आले ती ढोल बडवतच. आईने दृष्ट काढली, वाडीतली माणसं गोळा झाली, पुरुषाच्या वरताण आहे हो पोरगी, असं सगळे म्हणायला लागले. तुम्ही पडवीत जेवायला बसला होतात. मी वाट बघतेय, आता म्हणतील शाबास. तुम्ही ताटावरून उठलात आणि म्हणालात, ‘त्याच्या हातात सुरा असता तर आज आम्ही तुझी वाट बघत बसलो असतो.’ एवढंच. मला असा राग आला, आप्पा! मी वाट्टेल ते बोलले. तुम्ही भित्रे आहात असंही बोलले.

तुम्ही चिडला नाहीत. मला मागच्या विहिरीजवळ नेलंत आणि गाडीवरच्या तुमच्या जोडीदाराची गोष्ट सांगितलीत. लहानपणी मी त्यांना काका म्हणायचे, माझ्यासाठी खिशात श्रीखंडाच्या गोळ्या असायच्या त्यांच्या. ते अपघातात गेले असंच आम्हाला माहीत होतं. तुम्ही सांगितलंत की हमरस्त्यावर गाडी अडवली, तुम्ही दोघं उतरलात, चोर गाडी घेऊन निघाले, आणि काकांनी धावत जाऊन दाराचा दांडा पकडला. ‘सोड, सोड म्हणून मी ओरडत होतो. त्याने नाय सोडला.’ गाडीने त्यांना फरपटत नेलं. सुपारीवाल्या शेठचा विमा होता, त्याला सगळं भरून मिळालं. तेराव्याला तो काकांच्या घरी उत्तम सुपारीची पिशवी घेऊन आला होता. काकूंनी ती घेतली आणि आत नेऊन ठेवली, काय करणार? तुम्ही म्हणालात, ‘बाय, शिर सलामत तो पगडी पचास ही म्हण सगळ्यांना पाठ हाय. पण वेळेला हात ऐकत नाय. हाताला शिकवायला लागतं.’

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात तालीम लावलीत! मी गाडीत बसायचं. मागच्या बाजूला तुम्ही नारळाच्या सोललेल्या सोडणांनी भरलेलं पोतं ठेवलंत, ते म्हणे मागचं माणूस. आणि तुम्ही झावळीचा दांडा घेऊन खिडकीशी येऊन ओरडायचं, ‘ए, उतर खाली!’ मी हसले. तुम्ही म्हणालात, ‘परत.’ मी रागाने चावी तुमच्या अंगावर फेकली. ‘परत. फेकलीस तर तो दचकेल, आणि दचकलेला माणूस वार करतो.’ दोन्ही हात वर, त्याला दिसतील असे. जे करायचं ते आधी बोलायचं आणि मग करायचं. ‘आता पट्टा सोडते. आता दार उघडते.’ तोंडाकडे टक लावायची नाही, पायांकडे बघायचं, चपला-बुटांवरूनही माणूस सापडतो. घाई नाही, वाद नाही. शेजारची काकू कुंपणावरून विचारते, ‘काय हो, पोरीला चोऱ्या करायला शिकवताय का?’ आणि तुम्ही, जन्मात ज्यांच्या तोंडून शिवी ऐकली नाही ते तुम्ही, तिच्यादेखत मला शिव्या घालताय, कारण चोर शिव्या घालणारच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

एकदा मी सगळं नीट केलं. हात वर, पट्टा, दार, चावी तुमच्या हातात, चार पावलं मागे. म्हटलं, झालं? तुम्ही पोत्याकडे बोट दाखवलंत. ‘चावी पयले दिलीस. मागची पोर गेली.’ अहो, सोडणं आहेत ती, मी म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. ‘आधी सांगायचं, मागं माणूस हाय, त्याला काढते, मग गाडी तुमची. चावी तोवर तुझ्या हातात. माणूस खाली, मग चावी.’ ते पोतं मी किती वेळा उचलून माडाखाली नेलं त्याचा हिशोब नाही. आई आतून ओरडायची, भाकऱ्या गार झाल्या. मला वाटायचं, काकांच्या धक्क्याने आप्पांचं डोकं फिरलंय. तुम्ही मात्र पाऊस लागेपर्यंत सोडलं नाहीत मला.

आता ऐका. गेल्या शिमग्याची गोष्ट. धुळवडीच्या दिवशी एका कुटुंबाला रोहा स्टेशनला सोडून मी रेवदंड्याच्या रस्त्याने परत निघाले होते. भर दुपार. तुमची नात मागच्या सीटवर माझी ओढणी पांघरून झोपली होती. हो, नात झाली तुम्हाला, चार वर्षांची आहे, आणि तोंड माझ्यावर गेलंय. रस्त्याला दोन ठिकाणी पोरांनी दोरी धरून अडवलं होतं. शिमग्याची पोस्त मागणार, मी घासाघीस करणार, पोरं गाडीला गुलाल फासणार, दरवर्षीचंच ते. आपल्याकडचा कुठला ड्रायव्हर शिमग्याच्या दोरीवरून गाडी घालतो सांगा! झाडीतल्या वळणावर तिसरी दोरी लागली. दोन सोंगं उभी, तोंडं काळी केलेली, एकाने साडी नेसलेली. मी काच पूर्ण खाली केली, दहाची नोट काढली आणि म्हटलं, ‘काय रे, साडी तरी धड नेसायची.’ तेव्हा कळलं की इथे एकही पोर नाही. ढोल नाही, ताशा नाही, कुणी ओरडत नाहीये. तोवर साडीवाल्याच्या पदराखालून कोयता बाहेर आला होता आणि खिडकीत टेकला होता.

आप्पा, माझं डोकं तापलं. खोटं कशाला बोलू? भीती नंतर आली, आधी संतापच आला. माझी गाडी! दसऱ्याला हार घातलेली, माझ्या नावावरची! बाजूला पाण्याची जाड बाटली होती आणि माझा हात तिच्याकडे निघालासुद्धा होता. आणि मग तो हात वर गेला. दुसराही वर गेला. मी काही ठरवलं नाही, देवाशप्पथ, ते हात माझं ऐकतच नव्हते, तुमचं ऐकत होते. माझ्या तोंडून आवाज निघाला, आणि तो इतका शांत की मलाच ओळखू येईना. ‘दादा, मागे माझी मुलगी झोपलीय. तिला काढते, मग गाडी तुमची.’ तो म्हणाला, ‘शाणपणा नको, चावी दे आधी.’ मी म्हटलं, ‘देते. आता पट्टा सोडते. आता दार उघडते. आता मागचं दार उघडते.’ चावी काढून मी मुठीत धरली होती. त्याने कोयता माझ्या खांद्याला लावला. मी पुन्हा तेच म्हटलं, त्याच आवाजात, मागे मुलगी आहे. तेवढ्यात दुसऱ्याने मागचं दार सरकवलं आणि म्हणाला, ‘अरे, खरंच पोर हाय रं.’ तोच घाबरला बिचारा. ‘काढ, काढ तिला लवकर.’

मी तिला उचललं. ती झोपेतच होती, मान माझ्या गळ्यात टाकली तिने. रस्त्यापासून लांब झाडीकडे गेले आणि मग चावी पुढे केली. आणि माझी जीभ कुठली गप्प बसतेय, म्हटलं, ‘ब्रेक जरा खाली लागतो, घाटात सांभाळा.’ त्या काळ्या केलेल्या तोंडाने माझ्याकडे असं बघितलं! गाडी गेली. धूळ खाली बसली. पोर जागी होऊन म्हणाली, ‘आई, माझी चप्पल?’ एका पायातली चप्पल गाडीतच राहिली होती. मी म्हटलं, जाऊ दे गं बाय, आणि तिचे गाल, हात, पाय सगळं चाचपून बघत बसले. मी जर बाटली उगारली असती, आप्पा, तर तो दुसरा घाबरून गाडी तशीच घेऊन सुटला असता, मागे ती झोपलेली असताना. याच्या पुढचा विचार मी अजून करत नाही.

पुढच्या वाडीत खऱ्या शिमग्याची पोरं होती, त्यांनी आम्हा चालणाऱ्यांनाही दोरी लावली. माझा चेहरा बघून एक म्हणाला, मावशी, राहू दे तुमचं. त्यांच्या घरच्यांनी पाणी दिलं, फोन लावला, चौकीपर्यंत सोडलं. चौकीत मी पायांचं सांगितलं. साडीवाल्याच्या पायात निळ्या पट्ट्याचे बूट, त्यातला एक फाटका. गाडी पेणच्या पुढे सापडली, चाकं नसलेली, आणि ते दोघेही त्याच आठवड्यात सापडले. सासरची माणसं अजून चिडवतात, एवढी भांडकुदळ बाई आणि गाडी मुकाट्याने देऊन आली! मी म्हणते, मुकाट्याने नाही हो, ब्रेकचं सांगून दिली. ते हसतात. तुमच्या शिकवणीचं मी त्यांना सांगायला गेले की मला नीट सांगता येत नाही. माझी पोर माझ्या मांडीवर बसून पेज खातेय ती तुमच्यामुळे, एवढं साधं आहे ते. तुम्ही तिला बघितलंही नाहीत, आणि तुम्ही तिला गाडीतून बाहेर काढलंत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला माहीत नाही, आणि आईला वाचून दाखवलं तर ती तुमच्या नि काकांच्या नावाने पुन्हा रडत बसेल. तेव्हा हे राहील माझ्यापाशीच. फक्त एक सांगते, हे घरात कुणाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते. तुम्हाला अलिबागच्या इस्पितळातून घरी आणायचं होतं, माणसांना निरोप द्यायचे होते, आईला सावरायचं होतं, आणि नंतर रडूच आलं नाही. दगडाच्या काळजाची आहे, असं लोक म्हणाले, मलाही तेच वाटायला लागलं होतं. त्या दिवशी चौकीत पोर मांडीवर, समोर कुणीतरी ठेवलेला चहा, आणि मी अशी रडायला लागले की थांबेचना. तिथली महिला शिपाई उठून आली, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘ताई, नका हो रडू, गाडी मिळेल.’ मी मान हलवली. बाप गेला म्हणून रडतेय, तोही इतक्या वर्षांपूर्वी, हे तिला काय सांगणार होते?