नट देखणा होता, कवी कुठे होता?

नवीन पनवेल,
ऑगस्ट १९९७

प्रिय शोएबभाई,

अस्सलामु अलैकुम. तुमचे गुडघे आणि भाभींचा दमा आता बरा असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही तिघं शरीराने ठीक आहोत. मनाचं पुढे सांगतो.

गेल्या रविवारी वाशीच्या फिल्म क्लबात एका इंग्रज कवीच्या आयुष्यावरचा सिनेमा होता. मी इतकी वर्षं कॉलेजात हाच कवी शिकवतोय. म्हणून क्लबचे सेक्रेटरी दिनानाथ मला म्हणाले, सिनेमा संपल्यावर दोन शब्द बोला. मी आठवडाभर तयारी केली, वर्गातल्या पोरांना दम देऊन बोलावलं, नफिसालाही नेलं (मी वाचलेली एकही कविता तिला आजवर ऐकवत नाही, म्हणजे ती झोपते), आणि आफरीनलाही.

भाई, अडीच तासांत तो कवी फक्त दोनदा लिहायला बसला. त्यातल्या एका वेळी प्रेयसीने शाईची दौत पाडली. बाकी वेळ शर्टाची बटणं उघडी टाकून तो ओल्या गवतात धावत होता किंवा रुमालात खोकत होता. गिरणीतल्या मजुरांसाठी त्याने लिहिलं, त्यापायी सरकारची नजर त्याच्यावर आली, यातलं अक्षर नाही! (घोडे मात्र उत्तम होते.) चुंबनाला पोरांनी शिट्ट्या मारल्या. दिवे लागले तेव्हा मी माईकपाशी उभा आणि हॉल रिकामा, सगळे बस पकडायला पळाले. जाता जाता आमचा हितेश म्हणाला, "सर, कवी लोकांची लाइफ एकदम मस्त होती. तुमी उगाच पेपरात टेन्शन देता."

नफिसा डोळे पुसत होती. मला वाटलं, चला, एक तरी श्रोता भेटला. ती म्हणाली, "एवढी वर्षं याला शिकवता, आणि हा इतका देखणा होता हे एकदाही सांगितलं नाहीत?"

घरी आल्यावर आफरीनने जाहीर केलं की तिला फार्मसी नको, इंग्रजी साहित्य घ्यायचंय. मी ओरडलो, "कवितेने घर चालत नाही!" सिनेमात कवीचा बाप असंच ओरडतो. दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी न जेवता झोपलो.

भाभींना सलाम.
तुमचा,
हारुन

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे की आफरीन तुमचं ऐकते. फार्मसीच घे, असं तिला समजावून लिहा. मी सांगितलं तर विचारते, "अब्बा, मग तुम्ही का शिकवता?"

पुन्हा ता. क. तिला काही लिहू नका. हे पाकीट चिकटवणार तेवढ्यात पाहिलं, आफरीन माझं त्या कवीचं पुस्तक काढून आईला कविता वाचून दाखवत होती. त्या नटासारखा घोगरा आवाज काढून. एका ओळीत चुकली, मी दाराशीच उभा होतो, पण चूक सुधारली नाही. नफिसा जागी होती. सगळी कविता संपेपर्यंत जागी होती.

त्या नटाला मात्र मी माफ केलेलं नाही.