खंडाच्या मागचा खिसा

बाबा, मी ज्या निकालाचा आधार घेतला तो निकाल मेलेला आहे. ज्यांचे अर्ज आमचं ऑफिस लिहून देतं, त्या बॉस्टनच्या वकीलबाईंनी काल दुपारी व्हिडिओ कॉलवर ते पक्कं केलं. वरच्या कोर्टाने तो मार्चमध्ये फिरवला, आमचा अर्ज मेमध्ये दाखल झाला, आणि विरुद्ध बाजूने उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात ते दाखवून दिलं. आता न्यायाधीशांना दुरुस्तीचं पत्र जाईल. त्याआधी बाईंना माझ्याकडून लेखी हवंय, निकालाचा हा संदर्भ, हे सायटेशन, तपासलं कोणी. मी इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, डबा न उघडता, तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुमच्याशी बोलावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं.

अमेरिकन कायद्याची तुम्हाला फार हौस. नागपूरच्या घरात, पुढच्या खोलीतल्या तुमच्या ऑफिसात, कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून आणलेले ते तांबडे खंड, पाठीवर सोनेरी अक्षरं. त्यातलं एक अक्षरही आपल्या कोर्टांवर बंधनकारक नव्हतं. पण पक्षकार समोर बसला की तुम्ही एक खंड टेबलावर ठेवायचात आणि तो बिचारा खुर्चीत सावरून बसायचा. प्रत्येक खंडाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा होता. कायदा बदलत राहतो, म्हणून दरवर्षी पुरवणी निघते आणि ती त्या खिशात सरकवतात. आधी खंड वाचायचा, मग खिसा बघायचा. तुमच्या खिशांमध्ये बडीशेपेच्या पुड्या असायच्या, जुन्या लग्नपत्रिका असायच्या. पुरवणी एकाही खंडात नव्हती. ‘साहेब, मागचा खिसा रिकामा आहे जी,’ असं तुमचे कारकून काका दर दिवाळीच्या साफसफाईत सांगायचे. तुम्ही म्हणायचात, ‘पुस्तक पुढून वाचतात, मागून नाही.’ आणि स्वतःच हसायचात.

अमेरिकन निकालाचा संदर्भ कसा द्यायचा हे मी इथे आल्यावर एका दुपारी शिकले. आधी खंडाचा आकडा, मग निकालमालेचं संक्षिप्त नाव, निकाल सुरू होतो ते पान, मग नेमकं वाक्य आहे ते पान, शेवटी कंसात कोर्ट आणि साल. कुठल्या कोर्टाचा निकाल कोणावर बंधनकारक, हे त्या कंसावरून कळतं. पण हे सगळं जुळवून झालं की एक प्रश्न उरतो: हा निकाल आज टिकून आहे का? बाकीचं टायपिंग आहे. चाळीस वर्षांच्या वकिलीत तुम्हाला तो प्रश्न विचारायला जमलं नाही, असंही मी म्हणणार नाही. तुम्हाला गरज वाटली नाही, कारण तुम्हाला निकाल नकोच होता. खंड हवा होता, जाड आणि इंग्रजी.

नोकरीवरून काढलेल्या त्या शिक्षिकेचा खटला तुम्हाला आठवत नसेल. मी लॉच्या पहिल्या वर्षाला होते आणि कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. तुम्ही खंड उघडता, चष्मा नाकावर खाली घेता, अर्धं पान वाचून दाखवता. समोरचा तरुण वकील उठतो आणि शांतपणे सांगतो की हा निकाल त्याच अमेरिकन कोर्टाने फार पूर्वी रद्द केला आहे. न्यायाधीश विचारतात, ‘वकीलसाहेब, तुम्ही पाहिलं होतं का?’ आणि तुम्ही, क्षणाचाही वेळ न घेता, फायली धरून उभ्या असलेल्या काकांकडे बोट करता: ‘शोधायचं काम त्यांचं होतं. मी फक्त वाचलं.’ काका मान खाली घालतात. शिक्षिका तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे बघते.

संध्याकाळी काका फायली ठेवायला आले आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच आईला म्हणाले, ‘वहिनी, आज चहा नको जी.’ पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांना काढलंत. मी जेवताना विचारलं तेव्हा म्हणालात, ‘कोणाच्या तरी नावावर चूक घालावीच लागते. तू अजून लहान आहेस.’ मी एकोणीस वर्षांची होते. त्या दिवसापासून मी तुम्हाला भित्रा माणूस समजत आले, आणि त्यात बदल करावा असं काही मला पुढे सापडलं नाही.

आता खिसे राहिले नाहीत. निकाल स्क्रीनवर उघडला की त्याच्या डोक्यावर झेंडा दिसतो. लाल असेल तर सावध व्हायचं. मी हा निकाल जानेवारीत छापून घेतला होता, तेव्हा झेंडा नव्हता. मेमध्ये मी त्याच कागदावरून लिहिलं. कागदावर मागाहून झेंडा उगवत नाही. शेजारच्या टेबलावरची बाई इथलीच, लिमरिकची. आमची सायटेशनं तपासण्याचं काम तिच्याकडे. तिने मला विचारलं होतं, ‘पुन्हा उघडून बघितलास ना गं? तुझ्या त्या कागदाला आता दाढी आली असेल.’ मी मान वर न करता म्हटलं, ‘ग्रँड.’ म्हणजे सगळं ठीक; या शब्दाने इथे काहीही मिटतं. माझ्या शब्दावर तिने तपासणीच्या यादीत खूण केली, खाली तिची आद्याक्षरं आहेत. तिचा करार पुढच्या महिन्यात संपतो. माझं वर्क परमिट याच नोकरीवर आहे.

तीन वाजता बॉस्टनचा फोन येईल. त्याआधी मेल जायला हवी. ती मी सकाळीच लिहून ठेवली आहे, दोनच ओळींची, इंग्रजीत. अजून पाठवलेली नाही. त्यात तिचं नाव आहे, आणि पुढे लिहिलंय: तपासायचं काम तिचं होतं, मी फक्त लिहिलं.