रंभाजी पगारे यांच्या आवाजाची डिस्क भंगाराच्या लिलावातून वगळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
स्वयंरोजगार साहित्य वाटप कार्यालय,
अहमदनगर.

अर्जदार : सीमा रंभाजी पगारे, धंदा टायपिंग व छपाईची जुळणी, रा. संगमनेर.

विषय : जळालेल्या संगणकातील हार्ड डिस्क एका दिवसापुरती ताब्यात मिळणेबाबत व तोवर ती लिलावात न काढणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे ‘प्रकरण निकाली काढण्यात आले आहे’ हे पत्र.

माननीय महोदय,

अर्जदार सीमाताई यांच्या सांगण्यावरून हा अर्ज मी, खाली सही करणार अर्जनवीस, लिहीत आहे. अर्जदार स्वतः दिवसभर लोकांचे अर्ज टाईप करून देतात. पण याच विषयावर लिहायला बसल्या की त्यांची बोटे चालत नाहीत, म्हणून त्या माझ्या टेबलाशी आल्या. भाषेत काही कमीजास्त झाले तर दोष माझा समजावा, त्यांचा नव्हे.

१. आपल्या योजनेतून अर्जदारास विंडोजचा एक संगणक मिळाला होता. त्यावर त्यांनी लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, दशक्रियेचे कार्ड असे सगळे केले व घर चालविले. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात वीज पडली, लाईनमधून जादा दाब आला आणि संगणक धूर सोडून बंद पडला. नियमाप्रमाणे अर्जदाराने तो टेम्पोत घालून आपल्या कार्यालयात आणून जमा केला. आतली हार्ड डिस्क काढून घेऊ का, असे त्यांनी त्याच वेळी विचारले होते. आपले लिपिक श्री. काकासाहेब म्हणाले, “एक स्क्रू जरी काढलात ना ताई, तर विमा गेलाच म्हणून समजा.” अर्जदाराने स्क्रू काढला नाही. डिस्कमध्ये जुन्या पत्रिका होत्या, त्यांचे काय एवढे! असे त्यांना तेव्हा वाटले.

२. त्यानंतर अर्जदाराचे वडील श्री. रंभाजी यांच्या घशात गाठ निघाली. पुण्यास ऑपरेशन झाले व स्वरयंत्र काढावे लागले. रंभाजी म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पंपावरून निवृत्त झालेला माणूस, पण आमच्या भागात त्यांची ओळख आवाजाची. भीमजयंतीला माईक त्यांच्याच हाती. मिरवणूक कोपऱ्यावर असताना मागच्या आळीत कळायचे, की रंभाजी आले. त्या माणसाच्या गळ्याला आता भोक आहे व त्यावर उपरणे आहे. काही सांगायचे तर ते पाटीवर लिहितात.

३. आता आपण म्हणाल, पाटी आहे ना, मग अडले कुठे? तर अडले असे, की अर्जदाराच्या आई श्रीमती भागिरथीबाई यांना काचबिंदूने दिसेनासे होऊन बरीच वर्षे झाली. त्यांना पाटी काय आणि भिंत काय, सारखीच. नवरा घरात आहे हे त्यांना त्याच्या बोलण्यावरून कळत असे, आणि रंभाजी तर झोपेतही बोलणारे. आता ते त्यांचा हात धरतात, मनगटावर बोट दाबतात. एकदा दाबले की हो, दोनदा दाबले की नाही. चहाचे तेवढ्यावर भागते. पण भागिरथीबाई रोज एकदा तरी हाक मारून विचारतात, “सीमे, तुजा बा घरात हाय का गं?” आणि तो माणूस त्यांच्या शेजारी खाटेवर बसलेला असतो. साहेब, हे ऐकून अर्जदार आत जाऊन रडतात. रंभाजींना तर तेवढीही सोय नाही.

४. अशात अर्जदारास एक गोष्ट आठवली. संगणकासोबत माईक आला होता, त्याची चाचणी घेताना त्यांनी वडिलांना समोर बसविले होते. मिरवणुकीत तासन्‌तास बोलणारा माणूस त्या दिवशी बावरला. “हॅलो, हॅलो” झाले आणि मग ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “भागे, ए भागे, हिच्या पेटीत बोललेलं ऱ्हातं म्हनं. काय बोलू सांग.” आतून भागिरथीबाई हसल्या व म्हणाल्या, “गप बसा आता, पोरीची लाईट जळती.” एवढेच. दुसरे कसलेही भाषण नाही. रंभाजींचा आवाज या जगात आता तेवढाच राहिला आहे, आणि तो आपल्या भांडारखोलीतल्या डिस्कमध्ये आहे.

५. तो आवाज ज्या प्रोग्राममध्ये भरला तो त्या जुन्या विंडोजशिवाय उघडत नाही, असे जाणकारांचे म्हणणे. जळालेल्या संगणकातली डिस्क आपल्या चांगल्या संगणकास जोडायला गावातले कोणी तयार नाही, सगळ्यांना व्हायरसची धास्ती. तयार झाले ते एकटे कानिफनाथ मुद्रणालयाचे मालक श्री. मच्छिंद्र. त्यांच्याकडे छपाईसाठी मॅकिंटॉश, म्हणजे मॅक, हा वेगळ्या जातीचा संगणक आहे आणि त्यात असा एक प्रोग्राम आहे, की मॅकच्या पोटात विंडोजचा अख्खा संगणक चालतो. जुन्या डिस्कमधले सगळे जसेच्या तसे त्यात उतरवायचे, म्हणजे ती जुनी विंडोज आपण आपल्याच संगणकात आहोत असे समजून चालू होते. याला इंग्रजीत व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अर्जदाराने तसा अर्ज दिला. साहेब, खरी साडेसाती इथून लागली.

६. अर्ज परत आला. शेरा होता, ‘इंग्रजी शब्द वापरू नयेत, राजभाषेत लिहावे.’ अर्जदार म्हणाल्या, “मॅकच्या आतला संगणक असं लिहिते.” श्री. काकासाहेबांना ते पटेना. त्यांनी कार्यालयाचा शब्दकोश काढून ‘व्हर्च्युअल’ शोधला व स्वतःच्या हाताने अर्जावर ‘आभासी’ असे लिहिले. म्हणजे शब्द आपल्या कार्यालयाचाच, हे नम्रपणे नमूद करतो. त्याच अर्जावर पुढे उत्तर आले : ‘आभासी म्हणजे नसलेले. नसलेल्या यंत्रास सरकारी सामानाचा सुटा भाग बसविण्यासाठी देता येत नाही.’ आता बोला!

७. अर्जदाराने गयावया केल्यावर स्थळपाहणीचा हुकूम झाला. आपले विस्तार अधिकारी श्री. आप्पासाहेब मुद्रणालयात आले. मच्छिंद्र यांनी मॅक चालू करून त्यात विंडोज उघडून दाखविले. आप्पासाहेब म्हणाले, “हे चित्र झालं. यंत्र कुठंय?” मच्छिंद्र म्हणाले, “साहेब, यंत्र आतच आहे.” “मग खोला.” मॅक खोलला. आत यंत्र दिसले, पण ते मॅकचे. आप्पासाहेबांनी टेबलाखाली पाहिले, मागच्या खोलीत कागदाच्या रिमांमागे पाहिले. शेवटी त्यांनी आणखी एक प्रयत्न करून पाहिला, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. सामानावर कार्यालयाचा नंबर पडला की ते सामान खरे, हा नियम. म्हणून त्यांनी स्केचपेन मागवून पडद्याच्या काचेवर, विंडोजची चौकट दिसत होती त्या जागी, नंबर टाकला. तेवढ्यात मच्छिंद्रांचा हात माऊसला लागला. चौकट सरकून डावीकडे गेली व नंबर जागच्या जागी राहिला. पंचनाम्यात असे आले : ‘सदर यंत्र आभासी असून जागेवर स्थिर राहात नाही. नंबर टाकला असता नंबर सोडून निघून गेले.’ खाली दोन पंचांच्या सह्या आहेत. त्यातली एक समोरच्या रसवंतीवाल्याची.

८. हसावे की रडावे ते अर्जदारास कळेना. त्यांनी यंत्राचा नाद सोडून फक्त आवाज मागितला. आपल्याच माणसाने, आपल्याच कार्यालयात, आपल्या देखरेखीत तो काढून द्यावा, मॅक मी टेम्पोत घालून आणते, असे त्यांनी लिहून दिले. त्यावर पत्र आले : ‘आवाज नक्की कोणाचा आहे याची खातरजमा होणे आवश्यक आहे. तरी ज्यांचा आवाज आहे त्यांनी समक्ष हजर राहून तोंडी जबाब द्यावा.’

९. पत्र अर्जदाराने वडिलांना वाचून दाखविले नाही. त्यांनीच ते टेबलावरून उचलून वाचले. मग इस्त्रीचे कपडे काढायला लावले, पाटी आणि पेन्सिल पिशवीत घातली. भागिरथीबाईंनी मीबी येते म्हणून हट्ट धरला. तिघे पहाटेच्या एस.टी.ने राहुरीमार्गे नगरला आले. आपण त्या दिवशी मीटिंगला गेला होतात, म्हणून जबाब श्री. काकासाहेबांनी घेतला. माणूस वाईट नाही, खुर्ची दिली, चहाही सांगितला. पण समोरच्या कागदावर छापलेले होते ‘तोंडी जबाब’. रंभाजींनी पाटीवर लिहिले : ‘आवाज माझा आहे. बायकोला ऐकवायचा आहे.’ काकासाहेब म्हणाले, पाटीवरचे तोंडी कसे धरू? ते पुसले जाते. रंभाजींनी पाटी खाली ठेवली. उपरणे बाजूला केले, तोंड उघडले आणि जोर लावला. भोकातून वारा गेला, तेवढाच. त्यांनी पुन्हा जोर लावला. अर्जदार त्यांचा हात धरून “दादा, राहू द्या, राहू द्या” म्हणत होत्या. काकासाहेबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. बाहेर बाकावर बसलेल्या भागिरथीबाई आत आवाज टाकून विचारत होत्या, “काय म्हनले गं ते? काय म्हनले?”

१०. त्यानंतर आपले संदर्भातील पत्र आले. त्यातली ओळ अर्जदारास पाठ झाली आहे, ती त्यांनी मला न बघता सांगितली : ‘संबंधित इसम समक्ष हजर राहिले. पुरेशी संधी देऊनही ते काही बोलले नाहीत. सबब त्यांचे काहीएक म्हणणे नाही असे समजून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. जळीत साहित्य भंगार म्हणून लिलावात काढावे.’ लिलाव येत्या सोमवारी आहे.

साहेब, अर्जदारास नवा संगणक नको, भरपाई नको, विमा नको. आभासी शब्द खोडून आपणास जो योग्य वाटेल तो घालावा, अर्जदार त्यावर डोळे मिटून सही करतील. फक्त ती डिस्क त्या ढिगातून बाजूला काढून ठेवावी. भंगारवाला ती हातोड्याने फोडतो, आतल्या धातूसाठी, असे मी ऐकून आहे. हे अर्जदारास सांगितलेले नाही, त्यांची सही झाल्यावर मी मागाहून घातले आहे, व आपणही सांगू नये ही विनंती.

आपल्या एका सहीकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार,
सीमा रंभाजी पगारे

अर्ज लिहिणार : गोरक्षनाथ शिरसाठ, अर्जनवीस
संगमनेर, दि. १७ जून १९९९

सोबत :
(१) स्वरयंत्र काढल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला.
(२) पंचनाम्याची नक्कल.
(३) श्री. रंभाजी पगारे यांचे म्हणणे. हे जोडता आले नाही. ते आपल्याच भांडारखोलीत आहे.