ब्लॅक पावडर ओन्ली

अण्णा, तुमच्या रिव्हॉल्वरचं वय मला कळलं, म्हणून लिहायला बसले आहे.

इथे इंग्लंडात, रीडिंग गावात, यांना नेमबाजीचा नाद लागला. ऑफिसातले दोघे गोरे ब्रॅकनेलजवळच्या क्लबात जातात, त्यांच्यामागे हेही. या देशात साध्या पिस्तुलाला बंदी आहे, पण सुटी दारू भरून वर शिशाची गोळी ठासायची, तसलं जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्वर सर्टिफिकेट काढून ठेवता येतं. अस्सल जुनं सहसा कोणी उडवत नाही, त्याच्या हुबेहूब नकला बनतात, बहुतेक इटलीत. यांना एक घ्यायचं होतं, आणि घरचा जमाखर्च माझ्याकडे, म्हणून शनिवारी मलाही नेलं. "ही मॅट्रिकच आहे, पण हिला फसवून दाखवा," असं हे तिथल्या म्हाताऱ्या सेक्रेटरीला म्हणाले. तो हसला, मीही हसले. मॅट्रिकच का, हे मी यांना कधी सांगितलेलं नाही.

म्हाताऱ्याने फडकं अंथरून दोन वापरलेली रिव्हॉल्वरं मांडली. एक पितळी सांगाड्याचं, पिवळंधमक आणि स्वस्त. दुसरं सगळं पोलादी, काळपट. यांचा डोळा पितळीवर. मी रोज देव घासते, पितळ मला कळतं. म्हटलं, हे मऊ, दणके खाऊन ढिलं पडेल. "पडतंच," म्हातारा म्हणाला, "शोभेला ठेवायचं तर हे घ्या, उडवायचं तर ते." पोलादीचा घोडा ओढला की गोळ्यांचं चक्र एक घर फिरून घट्ट बसत होतं. पितळीचं खुळखुळत होतं. मी ते उलटंसुलटं केलं आणि नळीवर अक्षरं दिसली. ब्लॅक पावडर ओन्ली. शेजारी चौकोनात बारीक शिक्का.

खंडेनवमी आहे. मी पंधरा वर्षांची आहे. पाटावर तुमचं पितळी रिव्हॉल्वर आहे, आणि पणजोबांनी ते बंडात गोऱ्या कॅप्टनच्या हातून कसं हिसकावलं ते तुम्ही गोदीतल्या साहेबांना सांगताय. घासायचं काम माझं. चिंच लावून मी वर्षानुवर्षांचा शेंदूर काढलाय. साहेब म्हणतात, "पोरगी इंग्रजी शिकतेय ना? वाच बघू, कॅप्टनचं नाव असेल." मी मोठ्याने वाचते. साहेब म्हणतात, "म्हणजे फक्त काळी पूड. अहो, पणजोबांनी मशेरीचा डबा पळवला की काय?" सगळे हसतात, तुम्हीही हसता. पाहुणे गेल्यावर तुम्ही पूजेचाच पाट उचललात. माझं उजवं मनगट अजून कणीक मळताना दुखतं. आणि आईला म्हणालात, "हिला अक्षरं फार फुटलीत. मॅट्रिक झाली की बास." इंग्रजीत माझा वर्गात पहिला नंबर होता, अण्णा. तरी मला वाटत राहिलं की चार माणसांत मी वडिलांची लाज काढली. दर खंडेनवमीला मी देवाची क्षमा मागत आले.

म्हाताऱ्याला विचारलं, हे असं का लिहितात? तो म्हणाला, ब्लॅक पावडर म्हणजे जुनी काळी दारू; आता जास्त जोराची दारू मिळते, ती भरली तर नक्कल फुटेल, म्हणून इशारा. मग जुन्या अस्सलवर? "त्यावर कोण लिहील? तेव्हा दुसरी दारू होतीच कुठे?" चौकोनातला शिक्का इटलीतल्या तपासणीचा, त्यावरून साल कळतं. तुमच्या रिव्हॉल्वरवरही तसा चौकोन होता, घासताना पाहिलेला, आणि त्यात दोन फुल्या होत्या. मी फडक्यावर बोटाने काढून दाखवल्या, त्याने साल सांगितलं. त्या साली मी चार वर्षांची होते. तुमचं रिव्हॉल्वर माझ्याहून लहान आहे. गोदीत कुठल्या खलाशाकडून घेतलंत कोण जाणे. म्हणजे मी वाचलं तेव्हा त्या खोलीत खरं काय ते एकट्या तुम्हालाच ठाऊक होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी दहा दिवस जेवले नव्हते. ते आता परत घेता येत नाही.

आम्ही पोलादी घेतलं.

परवा धाकट्याचा फोन आला. ज्याला तुम्ही इंजिनियर केलंत आणि रिव्हॉल्वर दिलंत, तो. "ताई, आपल्या जुन्या शाळेच्या प्रदर्शनात अण्णांचं शस्त्र मांडतोय. इतिहासाचे प्रोफेसर येणार आहेत. तू तिकडे कोणाला विचारलंस का गं?"

"विचारलं."

"मग? अस्सल आहे ना?"

"अस्सल आहे. खुशाल मांड. फक्त शेंदूर काढ आणि नळीवरची अक्षरं लोकांकडे करून ठेव. त्यालाच मान असतो म्हणे."

"तू आहेस म्हणून बरं, ताई," तो म्हणाला. फोन ठेवून मी रोजच्यासारखी देवापुढे बसले. या खेपेला क्षमा मागितली नाही.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. धाकट्याचा यात काही दोष नाही. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तुम्ही मारत होतात, आई दारात उभी होती, आणि तुमच्या हाताला लोंबकळून तुम्हाला थांबवत होता तो एकटा तोच.