दाढीपाशी तुटलेला वळ

प्रिय शिट्टी,

नमाजाआधी वजू करताना एक गोष्ट तुझ्या नक्कीच लक्षात आली असेल. ओंजळभर पाणी चेहऱ्यावर घेतलं की ते दाढीवरून घरंगळतं, मनगटावरून कोपरापर्यंत जातं, बाही भिजवतं. पण केसांत बोट घालून हनुवटीला टेकवावं, तर खालची त्वचा कोरडी ठणठणीत. सगळा माणूस ओला आणि हनुवटी कोरडी! दाट दाढीत ओली बोटं खालून वर फिरवायची, खिलाल करायचा, असं आपल्याला शिकवलेलं आहे ते उगीच नाही. आता याच दाढीनिशी पंख्यासमोर बस. वारा थेट त्वचेला लागतो. पाण्याला दाराबाहेर उभं करणारी ही दाढी वाऱ्याला मात्र विचारतही नाही. असं का?

मास्तरकी सोडून इतकी वर्षं झाली तरी फळ्यासमोर उभं राहायची खोड जात नाही, तेव्हा उत्तर देऊनच टाकतो. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. केसाकेसांमधल्या फटीत शिरायचं तर त्यांना एकमेकांचा हात सोडावा लागतो आणि त्याला ते सहजी तयार होत नाहीत, म्हणून थेंब वरच्या वरच गोल होऊन बसतो. हवेच्या कणांना असा कुणाचा पाश नाही. फट दिसली की ते आत. समोरचे दोन दात पडले होते तेव्हा त्या खिंडीतून तू दिवसभर शिट्टी फुंकत हिंडायचास आणि त्यावरून तुझ्या अब्बांनी तुला हे नाव दिलं. फट केवढीशी, पण अख्खी गल्ली कानात बोटं घालायची.

तुला दाढी फुटली तो काळ मला लख्ख आठवतो. अब्बांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्याकडच्या मोरीतल्या आरशासमोर तुला उभं करून मी एकेक गोष्ट शिकवली. मिशी ओठावर उतरू द्यायची नाही, पाणी पिताना ती पेल्यात बुडता कामा नये. केस ठेवायचे तर त्यांचा मान राखायचा, म्हणजे धुवायचे, विंचरायचे, तेलाचं बोट लावायचं. दातांना मिस्वाकची काडी, नखं वेळच्या वेळी, आणि अंगाला असा वास नको की मशिदीत शेजारच्यानं सफेची रांग सोडून मागे सरकावं. मग आपल्या न्हाव्याकडे गेलो. त्याचं तोंड कधी बंद असतं का? म्हणाला, “मास्तर, या पोराला दाढी आलीय की दाढीला पोरगा आलाय?” तू हसला नाहीस. हनुवटीखाली मूठ धरून एवढंच म्हणालास, “अब्बांची होती तेवढी ठेवा.” त्या दिवशी पहिल्यांदा न्हाव्यानं एक शब्द न बोलता काम संपवलं.

इकडचं ठीक आहे. वजूखान्यातले गळके नळ एकदाचे बदलले. नव्या तोट्या इतक्या जोरात पाणी सोडतात, की म्हातारी मंडळी वजूला बसतात आणि अंघोळ करून उठतात. माझा गुडघा मात्र अजून जुन्याच तोटीसारखा कुरकुरतो.

मागच्या आठवड्यात सूनबाईचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. तिनं तक्रार केली नाही, फक्त कपड्यांना कुठला साबण चांगला ते विचारलं. मी म्हटलं, साबणाचं काय नडलं? तेव्हा सांगू लागली, “अहो चाचा, यांच्या दाढीचा वास जातच नाही. धुतात, तेल लावतात, अत्तर लावतात, तरी उशीच्या अभ्र्यालासुद्धा तोच वास. तिखट. डोळ्यांत पाणी आणणारा. विचारलं तर म्हणतात, कोल्ड स्टोरेजचं अत्तर आहे, फुकट मिळतं!” खोकल्याचं विचारलं तर सर्दी आहे म्हणतोस म्हणे. ती सर्दी कामाच्या दिवशीच होते आणि सुट्टीच्या दिवशी उतरते, हेही तिनं सांगितलं. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला वाटलं.

आणि मग, फोन ठेवता ठेवता, तिनं हसत आणखी एक गोष्ट सांगितली. वायू रोखणारा तो तोंडभर मास्क घालून काम केलंस की घरी येतोस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर लाल वळ असतो. कपाळावरून निघतो, कानशिलांवरून गालांवर उतरतो आणि दाढीपाशी येऊन नाहीसा होतो. तुझी लेक त्यावरून बोट फिरवते आणि म्हणते, “अब्बा, तुमचा गोल अर्धाच आहे. खाली पुसला गेला.” सूनबाई हसत होती. माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. गुडघ्याचं निमित्त सांगून फोन बंद केला.

कारण तो अर्धा गोल मी पूर्वी एकदा पाहिला आहे.

तुझ्या अब्बांना शेवटची अंघोळ मी घातली. याच कोल्ड स्टोरेजच्या यंत्रघरात, थंडी राखणाऱ्या अमोनिया वायूचा व्हॉल्व गळू लागला म्हणून ते मास्क चढवून आत गेले आणि दाराशी पडलेले सापडले, एवढं तुला ठाऊक आहे. मास्क तोंडावर होता, त्याची वायू अडवणारी गाळणी त्याच आठवड्यात बदललेली होती. मग अमोनियाचा संबंधच काय, असं सगळे म्हणाले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं आणि मीही ते मानलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर पाणी ओतताना मला तो वळ दिसला. कपाळावर खोल, गालांवर खोल, आणि जबड्यापाशी तुटलेला. हनुवटीखाली तर खूणच नव्हती. दाढीत बोटं घालून मी पाणी त्वचेपर्यंत पोचवत होतो तेव्हा केसांतून तो तिखट वास वर आला. वाटलं, कामाच्या जागेचाच वास आहे, लागतोच अंगाला. वळ तुटका का, हे कोडं मात्र मनात तसंच राहिलं होतं. ते तुझ्या लेकीनं सोडवलं. वळ उठतो तिथे मास्क कातडीला दाबून बसलेला असतो. जिथे वळ नाही तिथे मास्क केसांवर तरंगत असतो, आणि केसांतून हवा कशी जाते हे मी पत्राच्या सुरुवातीलाच सांगितलं. गाळणी कितीही नवी असो, श्वास सोप्या वाटेनंच आत येतो.

तुला वाटेल, नाक सांगेलच की. नाही सांगणार. रोजच्या वासाला नाक सरावतं. तुला आता तुझ्या उशीचाही वास येत नाही.

इमामसाहेबांना मी नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, “मास्तर, जीव अल्लाची अमानत आहे, त्यानं सांभाळायला दिलेली. मास्क बसावा म्हणून ज्यानं वस्तरा लावला, त्याच्या गालाकडे मी बोट दाखवणार नाही. आणि दुसऱ्या कुणी दाखवलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.” तेव्हा तो प्रश्न मिटला. राहिला तो दुसरा, ज्याबद्दल आपण कधी बोललो नाही. ती दाढी तू फक्त पैगंबरांची सुन्नत, त्यांचा रिवाज म्हणून ठेवलेली नाहीस. आरशात तुला अब्बा दिसतात. मलाही दिसतात. तू दारातून आत येतोस तेव्हा क्षणभर माझा भाऊच आल्यासारखं वाटतं आणि ते सुख सोडायला मीसुद्धा तयार नव्हतो. पण तो चेहरा मी एकदा धुतला आहे, शिट्टी. पुन्हा धुवायची ताकद माझ्यात नाही.

त्याच फोनवर सुरुवातीला सूनबाईनं कौतुकानं सांगितलं होतं, की येत्या शनिवारी यंत्रघरातला जुना व्हॉल्व बदलायला साहेबांनी तुलाच निवडलं आहे, कारण “बापासारखाच हात आहे याचा.” म्हणून हे पत्र. दाढीवर मास्क बसत नाही हे मी कितीही समजावलं तरी तू हसून म्हणशील, चाचा, आजवर काही झालं का? तेव्हा माझं ऐकू नकोस, स्वतःच्या चेहऱ्याचं ऐक. शनिवारच्या आधी, घरात, स्वच्छ हवेत मास्क घाल आणि पट्टे नेहमीसारखे आवळ. तळहातानं गाळणीचं तोंड पूर्ण बंद कर, हळूच श्वास आत ओढ आणि तसाच धरून ठेव. आता नमाज संपवताना सलाम फेरतोस तसा चेहरा उजवीकडे ने, मग डावीकडे. मास्क आत ओढला जाऊन चेहऱ्याला चिकटून राहायला हवा. तो सैल पडला, किंवा जबड्याशी गार हवेची एक बारीकशी झुळूक जाणवली, तर मास्क उतरव आणि तसाच उठून न्हाव्याकडे जा.

तुझाच,
मास्तर चाचा