लाइट लागलेलं शिवार

७ डिसेंबर, रविवार

काल दिवस मावळता आमच्या शेवंतीत एक नवरी उभी होती. आमच्यातली कुणी नाही, पुण्याची. लग्न अजून व्हायचंय, आधी फोटो. सोबत नवरा, दोन कॅमेरेवाले आणि एक बाई, फक्त पदर उडवायला. पदर उडवायचा पगार मिळतो हे आता कळतंय. मी जन्मभर फुकट खोचत आले.

नवरीनं विचारलं, "काकू, हे डेकोरेशन कुणी केलं?"

म्हटलं, "डेकोरेशन नाही बाई, शेती आहे. थंडीत दिवस लहान. लहान दिवसात शेवंती बुटकी असतानाच फूल धरते. म्हणून संध्याकाळी बल्ब लावायचे. तिला वाटतं अजून उजेड आहे, मग ती फुलायचं विसरून वाढत राहते. उंची आली की बल्ब बंद. मग कळी."

"म्हणजे तुम्ही झाडाला फसवता? सो क्यूट!"

आमच्या पद्धतीला आजवर बरंच काय काय म्हटलं लोकांनी. क्यूट पहिल्यांदाच.

कुणा पोरानं दिवाळीनंतर ड्रोननं वरून व्हिडिओ काढला, तिथून हे सुरू झालं. राहू गावाच्या अलीकडची आमची वाडी आता 'लाइटवालं गाव'. पूर्वी एसटीवाला नाव विचारायचा, आता रस्ता विचारत लोक येतात. मजा येतेय, लपवत नाही.

१० डिसेंबर

फाट्यापासून वाडीपर्यंतचे खड्डे बुजले! मुरूम नाही, डांबर. आमच्यासाठी नव्हे, पर्यटकांसाठी (इथून पुढं नुसतं 'प.', रोज एवढा मोठा शब्द कोण लिहिणार). पण आमची पावलं त्याच रस्त्यानं पडतात, तेव्हा मान्य.

दुसरा फायदा. दिवस बुडाल्यावर पोरी क्लासवरून एकट्या येतात. रस्त्यावर माणसं, उजेड. पूर्वी सगळ्या जणी मिळून यायच्या आणि तरी कुणीतरी फाट्यावर न्यायला उभं राहायचं.

तोटा. हे दुपारी जेवायला बसले होते. दारातून एक प. आत. "काका, तसेच बसा, घास हातात ठेवा." काढला फोटो आणि गेला. तेव्हापासून हे दाराकडं पाठ करून जेवतात. बोलत आधीही नव्हते, आता दिसतही नाहीत.

१४ डिसेंबर, रवि.

आज अंगणात चूल मांडली. पिठलं, भाकरी, ठेचा. मी भाकरीला, धाकटी जाऊ शोभा वाढायला. चारला सुरुवात, साडेसातला पीठ संपलं! हात दुखतायत आणि झोप म्हणून येत नाही, इतकं भारी वाटतंय. इतकी वर्षं याच भाकरीला घरात कुणी 'छान' म्हटलं नव्हतं. आज एका माणसानं डोळे मिटून खाल्ली.

एकीनं विचारलं, "काकू, धूर जरा जास्त करता येईल का? व्हिडिओत दिसत नाहीये."

म्हटलं, "येईल की. तू फुंक, मी व्हिडिओ काढते."

हसले सगळे. तिनंही फुंकलं. पापण्यांचा काळा रंग वाहिला तिच्या गालावरून. आता लोक भाकरीबरोबर माझं तोंडही ऐकायला थांबतात. घरात याच तोंडाबद्दल तक्रार होती.

परतीच्या वाटेवर गाड्या अडकल्या. समोरून पाटसच्या कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्याला मागं घेता येईना आणि प.ना घेता येत असून घेईनात. ड्रायव्हरनं गाणी मोठी केली आणि सीटवर मांडी घातली. मग प. खाली उतरून ट्रॉलीतला ऊस ओढून खायला लागले. फोटो, ऊस, फोटो.

२१ डिसेंबर, रवि.

मोठी बातमी. विक्रमला स्थळ आलं!

विक्रम म्हणजे शोभा आणि दत्ताभाऊजींचा मुलगा, माझा पुतण्या. एकतीस पूर्ण. चार वर्षं पोरगी बघणं चाललंय. आजवर पहिला प्रश्न 'पुण्यात फ्लॅट आहे का', दुसरा यायच्या आत चहा संपायचा. एकदा तर मध्यस्थानं फोनवरच विचारलं, "शेतीच करतो? नुसती?" त्या 'नुसती'वर विक्रम दोन दिवस जेवला नव्हता.

आता फोन उलट दिशेनं. शिक्रापूरची मुलगी, ऋतुजा. तिथल्याच एका कंपनीत क्वालिटीला आहे. मुलीचे वडील स्वतः म्हणाले, "तुमचं ते लाइटवालं गाव ना? आमच्या हिनं व्हिडिओ बघितलाय."

शोभानं लगेच ट्यूबलाइटची धूळ पुसली. दत्ताभाऊजींनी बांधावर लाकडी मचाण ठोकायला घेतलं. त्यावर पाटी, 'सेल्फी पॉइंट'. एवढ्या वर्षांत बांधावर एक लिंबाचं झाड लावा म्हटलं तर हलले नव्हते.

२८ डिसेंबर

बल्ब चोरीला जायला लागलेत. आज चार होल्डर रिकामे. एका प.च्या बाळाच्या हातात एक सापडला. आई म्हणाली, "त्याला आठवण म्हणून हवा होता." म्हटलं, राहू द्या, आठवण मलाही राहील.

शेवंती मात्र कमरेला आलीय. हे रोज संध्याकाळी ओळीतून फिरतात. विचारलं, कसं काय? म्हणाले, "झाली उंची." म्हणजे बंद करायची वेळ आली.

११ जानेवारी, रवि.

आमच्याकडं रीत आहे. भोगीच्या संध्याकाळी सगळ्या शिवारानं लाइट एकदम बंद करायचे. कारण उजेडाला बांध कळत नाही. शेजारचा बल्ब जळत राहिला तर आपल्या कडेच्या ओळी फुलत नाहीत, नुसत्या वाढत बसतात. भोगीला बंद केले की पाडव्याला फूल बाजारात. पाडव्याचं फूल म्हणजे आमचं वर्ष. बाकी सगळं किरकोळ.

आमचा आणि दत्ताभाऊजींचा प्लॉट एका बांधाला. आज ते आले, चपला काढल्या, बसले. ते चपला काढून बसले की काहीतरी मागायचं असतं.

"वैनी, औंदा लाइट जरा उशिरा बंद करू म्हंतो."

"किती उशिरा?"

"पंचवीस तारखेला ऋतुजाकडचे येत्यात. सव्वीसची सुट्टी जोडून. त्यांनी लाइट बघून तर हो म्हटलंय. अंधारात काय दाखवू? पाला?"

"आन् माझा पाडवा?"

"फूल काय, लग्नसराईला पण जातंय."

"तवा ऊन किती असतं भाऊजी? बटणाएवढं येतं फूल."

मी यांच्याकडं बघितलं, भाऊजींनी यांच्याकडं बघितलं. हे उठून पाणी प्यायला गेले.

१४ जानेवारी, संक्रांत

काल सगळ्या शिवारानं बंद केले. आम्हीही. एकट्या दत्ताभाऊजींच्या प्लॉटात बल्ब जळतायत. प. तिकडं वळले, मचाणावर रांग. माझ्या चुलीपाशी निम्मी माणसं.

खरं लिहिते. बटण दाबताना मलाच कसंतरी झालं. अंधार पडला तशी गर्दी ओसरली आणि मी पीठ मळायला एकटी. शेवंतीसाठी भांडले आणि मग गर्दीसाठी हळहळले. एका जिवाला दोन तोंडं.

१६ जानेवारी

बांधाकडच्या ओळींवर भाऊजींचा उजेड सरळ पडतो. पानंन् पान दिसतं. आज मी बांधावर बांबू रोवले, तार ओढली आणि जुन्या साड्या टांगल्या. गडद बघून घेतल्या. लग्नातला शालू राहिला होता, तोही लावला. त्याला आतून अस्तर आहे, उजेड चांगला अडतो.

शोभा पलीकडून म्हणाली, "आक्का, आवं लोक काय म्हंतील? भावकीत भिंत घातली म्हंतील."

"भिंत न्हाई गं. पडदा हाय. कवाबी सरकवता येतो."

हे आले, बघितलं, एका साडीचं टोक सुटलं होतं ते बांधलं आणि गेले.

१८ जानेवारी, रवि.

साड्यांना प.ची गर्दी!! मागून पिवळा उजेड, वाऱ्यावर साड्या. 'साडी वॉल' म्हणे. एक मुलगी माझ्या शालूला टेकून उभी राहिली. म्हणाली, "काकू, हे इन्स्टॉलेशन कुणाचं?" म्हटलं, सासरचं.

भाकरी पुन्हा संपली. वैताग आणि आनंद एकाच परातीत.

एकाला जवळून फोटो हवा होता, त्यानं दोन साड्या बाजूला सारल्या. उजेड आत. ओरडले तशा सोडल्या. असं किती वेळा झालं असेल, मी चुलीपाशी असताना...

२५ जानेवारी, रवि.

आले. मुलगी, आईवडील, एक मामा. मुलगी नीट वाटली. उगाच लाजत नाही, उगाच हसत नाही. ताटातली भाकरी उलटून खालची बाजू बघितली तिनं. क्वालिटीवाली!

विक्रम नुसता पाण्याचे तांबे भरत होता. दत्ताभाऊजी मात्र, "मागच्या रविवारी तर चालायला जागा न्हवती," असं गर्दीचं कौतुक करत होते. जसं काही ही गर्दी त्यांनीच पेरलीय.

मचाणावरून सगळं बघून झालं. ऋतुजा खाली आली आणि नेमकी यांच्याजवळ उभी राहिली. घरात न बोलणारा एकच माणूस, त्यालाच विचारलं.

"काका, हे लाइट बारा महिने असतात का?"

मला वाटलं आता हे खरं ते सांगणार. शेवंतीच्या बाबतीत हा माणूस देवालाही सवलत देत नाही. यांनी तिच्याकडं बघितलं. मग विक्रमकडं. विक्रम मचाणाचा बांबू धरून उभा, चेहरा असा की...

"असत्यात की," हे म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मी धरलं. "अहो, बारा महिने? तुम्ही?"

"पोराचं तोंड बघितलंस का?"

"बघितलं."

"मग."

२७ जानेवारी

आज ओळीतून फिरले. मधल्या ओळींत शेंड्याला बोट लावलं की कळी लागते, मोहरीएवढी. हरखून गेले. अशी कळी लागली की अजूनही पहिल्या वर्षासारखं होतं मला.

बांधाकडं गेले. शेंड्यात नुसता पाला. गुबगुबीत, हिरवा, मूर्ख. आणखी चार-पाच दिवसांत अंधार मिळाला तर मागं-पुढं का होईना, पाडव्याला लागतील. नाहीतर त्या ओळी गेल्या. भाऊजींचा तर अख्खा प्लॉट जातोय, पण त्यांना आत्ता शेवंती दिसतच नाहीये. नवरी दिसतेय.

३० जानेवारी, शुक्र.

भाऊजी आले. चपला काढल्या.

"वैनी, मुलीकडचे उद्या परत येत्यात. दोन जीपा. चुलते, आत्या, सगळे. पसंतीच समजा."

मला टाळीच वाजवावीशी वाटली. वाजवली पण. शोभाला हाक मारली, गूळ आणला.

मग म्हणाले, "एक होतं. तुमचा प्लॉट अंधारात हाय. मचाणावरनं निम्मं काळं दिसतं. मुलीच्या बापानं मागच्या खेपेला पण बघितलं. उद्याच्याला तुमचे पण लावा. आन् त्या साड्या काढा."

"भाऊजी, कळी धरलीय माझी. आता उजेड दिला तर वेडीवाकडी व्हईल."

"येका संध्याकाळीनं?"

"मला न्हाई म्हाईत. कुणी केलंय आजवर?"

"लेकराचं लगीन हाय वैनी."

"माझंबी लेकरूच हाय ते."

मी हे कळीबद्दल म्हणाले की विक्रमबद्दल, ते भाऊजींनी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

रात्री यांना म्हटलं, काय करायचं? म्हणाले, "मी येकदा बोलून बसलोय. आता तू ठरव."

३१ जानेवारी, शनि.

सकाळी विक्रम आला. दाराशी उभा. "मोठी आई, तुमी नका लावू लाइट. मी सांगतो त्यास्नी खरं." आणि पाच मिनिटांनी परत, "पण आज नको. जरा पुढं सांगतो." बिचारा. चहा दिला.

दुपारी फोनवर मेसेज. ऋतुजाचा. नंबर शोभानं दिला असणार.

'काकू, एक विचारू? तुमच्या शेवंतीचे इतके फोटो पाहिले, एकातही फूल नाही. आमच्या कंपनीत असा माल पास होत नाही. 😊 फूल कधी येतं?'

दोनदा वाचला. चुलीपुढं बसून मोठ्यानं हसले. एवढी जत्रा झाली इथं, आणि विचारलं कुणी तर ह्या पोरीनं. विक्रमला हीच पाहिजे. हीच.

मग हसू गेलं. कारण आता उत्तर द्यायचं होतं. खरं लिहिलं तर यांचं 'असत्यात की' उघडं पडतं. न लिहावं तर उद्या हीच पोर ह्या घरात येऊन बांधाकडच्या ओळीत उभी राहणार आणि शेंड्याला बोट लावणार.

लिहिलं: 'लाइट बंद झाल्यावर, दोन महिन्यांनी. तवा लाइट नसतात, गर्दी नसते, नुसती शेवंती असते. बारा महिने काहीच नसतं बाळा. पाडव्याच्या आधी येऊन बघ.'

यांना वाचून दाखवलं. यांनी चष्मा काढला, पुसला. "धाड," म्हणाले. "आन् माझ्या नावानं माफी पण धाड."

धाडलं. माफीसकट. तिनं वाचलंय, निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. जीपमध्ये असेल. किंवा बापाला वाचून दाखवत असेल. किंवा जीप निघालीच नसेल.

भाऊजींना अजून सांगितलेलं नाही. माझ्या लाइटचं बटण ज्यात आहे त्या स्टार्टरच्या पेटीपाशी ते उभेत, नवा पांढरा शर्ट घालून. दिवस टेकलाय. पीठ चाळून ठेवलंय, दोन जीपांचं.

फाट्याच्या पलीकडं धुरळा उठलाय. उसाचा ट्रॅक्टर असेल किंवा ते असतील, इथून कळत नाही. भाऊजींनीही बघितला. पेटीवर हात ठेवून ते माझ्याकडं बघतायत, आणि मी उठतेय, पिठाच्या हातानं, साड्यांच्या ह्या बाजूनं, आधी त्यांना मेसेज दाखवायला...